बफेलोची प्लेऑफ मॅच सोमवारी का गेली: थोडी पार्श्वभूमी

13 जानेवारी 2024, शनिवार. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी सांगितलं की बफेलो बिल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्सची प्लेऑफ (सीझनच्या शेवटची बाद फेरी, हरलं की बाहेर) मॅच रविवारी दुपारी 1 ऐवजी सोमवारी संध्याकाळी साडेचारला होणार. (मॅच म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉलची, एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमधली, आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही.) लगेच लोक सुरू झाले, आजकालचे प्लेअर नाजूक झालेत, पूर्वी बर्फात खेळायचे की. पूर्वी खेळायचे हे खरंच आहे, पण मॅच पुढे ढकलली ती प्लेअरना थंडी वाजते म्हणून नाही, हिमवादळाने बंद पडणाऱ्या रस्त्यांमुळे.

आधी बफेलो कुठे आहे ते बघा. ईरी सरोवराच्या अगदी पूर्व टोकाला. हिवाळ्यात थंडगार वारा सरोवराच्या लांबीवरून येतो, पाणी अजून गोठलेलं नसेल तर त्याची वाफ उचलतो आणि किनाऱ्याला लागला की सगळा बर्फ एका अरुंद पट्ट्यात ओततो, त्यामुळे एका गावात कमरेएवढा बर्फ आणि थोड्याच अंतरावर नुसती भुरभुर असं होऊ शकतं. बिल्सचं स्टेडियम ऑर्चर्ड पार्कला आहे, शहराच्या दक्षिणेला, आणि हा पट्टा बऱ्याचदा तिथूनच जातो. वर छप्पर नाही.

आता जुन्या गोष्टी. 1932 मध्ये शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स यांच्यात विजेता ठरवायची मॅच होती, पण बर्फ आणि थंडी एवढी की ती उचलून शिकागो स्टेडियमच्या आत नेली. आत जागा कमी म्हणून मैदान फक्त 80 यार्डांचं, भिंती साइडलाइनला खेटून, म्हणून बॉल कडेला गेला की आत आणून ठेवायचे. बेअर्स 9-0 ने जिंकले. पुढच्या वर्षी बॉल आत आणून ठेवायचा नियम कायमचा झाला आणि दरवर्षी फायनल खेळवायची पद्धतही 1933 पासूनच सुरू झाली. म्हणजे आज आपण प्लेऑफ म्हणतो त्याच्या मुळाशीच खराब हवामान आहे, मला हे फार आवडतं.

1948 ची फायनल फिलाडेल्फियात भर हिमवादळात झाली. ईगल्सचा स्टीव्ह व्हॅन ब्यूरन सकाळी बाहेरचा बर्फ बघून मॅच रद्दच झाली असं धरून बसला होता, मग ट्राम वगैरे बदलत, चालत कसाबसा पोचला आणि मॅचमधला एकमेव टचडाउन (बॉल समोरच्यांच्या टोकापर्यंत नेऊन मिळवायचे गुण) त्यानेच केला, 7-0. 31 डिसेंबर 1967 ला ग्रीन बेला तर उणे 25 सेल्सिअस होतं, मैदानाखालची हीटिंग बंद पडली, रेफरींच्या शिट्ट्या गोठल्या, तरी पॅकर्स-काउबॉइज खेळलेच. तिथून हे "कुठल्याही हवेत खेळायचं" डोक्यात पक्कं बसलं. 2010 च्या डिसेंबरमध्ये ईगल्स-व्हायकिंग्ज मॅच बर्फामुळे रविवारची मंगळवारी गेली तेव्हा पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर एड रेंडेल यांनी आपला देश लेचापेचा झालाय म्हणून जाहीर राग काढला होता.

बफेलोला मात्र अनुभव वेगळा आहे. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये जेट्सविरुद्धची मॅच डेट्रॉईटला न्यावी लागली, नोव्हेंबर 2022 मध्ये ब्राउन्सविरुद्धचीही, तेव्हा ऑर्चर्ड पार्कला सहा फुटांहून जास्त बर्फ पडला होता. आणि त्याच वर्षी ख्रिसमसच्या वेळचं ते हिमवादळ, ज्यात ईरी काउंटी (बफेलो ज्यात येतं तो जिल्हा) आणि आसपास 47 लोक गेले. माणसं गाड्यांमध्ये अडकली, काही घरातच गेली, अँब्युलन्स पोचूच शकत नव्हती, मदतीला निघालेल्या गाड्याच बर्फात रुतल्या. हे होऊन जेमतेम 13 महिने झाले होते आणि होकल स्वतः बफेलोच्या. रविवारी गाड्या चालवायला बंदी घालायची आणि त्याच दिवशी सत्तर हजार लोकांना स्टेडियमला बोलवायचं, हे जमणारच नव्हतं. आणि या वेळी मॅच डेट्रॉईटलाही नेता येत नव्हती, तिथे रविवारी रात्री त्यांच्या लायन्स टीमचीच घरची प्लेऑफ होती, तीस वर्षांनी आलेली.

त्याच शनिवारी रात्री कॅन्सस सिटीत चीफ्स-डॉल्फिन्स मॅच उणे 20 सेल्सिअसला झाली आणि नंतर काही प्रेक्षकांची हिमदंशाने गोठलेली बोटं कापावी लागली. नुसती थंडी असली की मॅच होते, रस्ते बंद पडले की थांबते. माझ्या मते बफेलोचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, उलट थंडीबद्दलही असाच विचार व्हायला हवा.

बिल्सनी ताशी 20 डॉलर आणि जेवण देऊन बर्फ उपसायला माणसं बोलावली, फॅन्स फावडी घेऊन आले, तरी सोमवारी कितीतरी खुर्च्या बर्फाखालीच होत्या, लोक स्वतःपुरती जागा उकरून बसले आणि प्रत्येक टचडाउनला ओंजळी भरभरून बर्फ वर उडवत होते. बिल्स 31-17 ने जिंकले.