आगटीपाशी निघालेल्या शंका

जानेवारीतला रविवार. बार्शी रोडला, नान्नजच्या अलीकडं सोयऱ्यांच्या रानात हुरड्याला गेलो होतो. आगटीत गोवऱ्या नुकत्याच धुमसायला लागल्या होत्या, गुळभेंडीची कणसं पोत्यावर पसरली होती आणि मामा कानटोपीवरून मफलर गुंडाळून हात शेकत बसले होते. मला बघताच म्हणाले, "का बे, कुठं गेली तुझी तापमानवाढ?"

(बाहेरच्या वाचकांसाठी: सोलापुरात 'बे' ही शिवी नाही, ते विरामचिन्ह आहे.)

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मामांनी चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात सूत रंगवलं. तोलून-मापून बघितल्याशिवाय ते कशावर विश्वास ठेवत नाहीत, डॉक्टरच्या गोळीवरसुद्धा नाही. हवामान बदलाची बातमी लागली की टीव्हीचा आवाज बंद करतात. त्यांच्यासारखी माणसं माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत, आणि त्यांना अडाणी म्हणून झटकून टाकणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. कारण मामांच्या बहुतेक शंका कधी ना कधी शास्त्रज्ञांनीच काढलेल्या आहेत, आणि त्यांतल्या एक-दोन खऱ्याही निघाल्या आहेत.

थंडीची शंका नुसती सलामीची होती. हवामान म्हणजे साधारण तीस वर्षांची सरासरी. एका सकाळच्या कानटोपीवरून तिचा निकाल लागत नाही, हे मामांनाही ठाऊक आहे. खरा डाव पुढं आला. "हवेत तो कार्बन डायऑक्साइड आहेच किती? शंभरात 0.04. दहा हजारात चार. एवढ्याशानं जग तापतंय होय?"

मी म्हटलं, "मामा, फिकट शेड काढायला रंग किती घालत होता?"

"शंभर किलो सुताला एक किलो. एक टक्का शेड."

"आणि पाणी?"

"वीसपट. दोन हजार लिटर."

मग ते थांबले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. "लिटरला अर्धा ग्रॅम," ते सावकाश म्हणाले. "शंभरात 0.05."

"त्या पाण्यात हात घातला तर बोटं दिसायची?"

"मनगटाखालचं काही दिसायचं नाही."

हवेचंही असंच आहे. कोरड्या हवेचा 99 टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, आणि जमिनीतून वर जाणाऱ्या उष्णतेच्या किरणांना हे दोन्ही वायू टबातल्या साध्या पाण्यासारखे आरपार. रंग आहे तो वाफेचा, कार्बन डायऑक्साइडचा आणि अशाच आणखी काही वायूंचा. 1856 मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यांत जास्त तापली. 1859 मध्ये जॉन टिंडल यांनी ही उष्णता कोणता वायू किती अडवतो ते उपकरणानं मोजलं. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असतं. आज ते अधिक 15 च्या घरात आहे. म्हणजे थोडासा रंग असणं आपल्या फायद्याचंच. प्रश्न आहे तो आणखी किती ओतायचा याचा. कारखानदारी सुरू होण्याआधी दहा लाखांत 280 भाग होते. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर 1958 मध्ये रोजचं मोजमाप सुरू झालं तेव्हा 315 भरले, आणि आता 420 च्या वर गेले आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतून गेल्या 8 लाख वर्षांचा हिशेब लागतो. त्यात हा आकडा 300 च्या पुढं कधी गेलेला नाही.

मामा एवढ्यावर गप्प बसणारे नव्हेत. कणीस हातावर चोळत म्हणाले, "ते असू दे. पण सुतानं पोटभर रंग प्याला की पुढं कितीही ओत, शेड चढत नाही. पैसे पाण्यात."

मला हा प्रश्न इतका आवडला की मी त्यांच्या तळहातावरचा हुरडा उचलून तोंडात टाकला. कारण हीच शंका 1900 साली स्वीडनच्या क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी काढली होती. चारच वर्षं आधी, 1896 मध्ये, त्यांच्याच देशाच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडलं होतं. ऑंगस्ट्रॉमनी दाखवलं की नळीतला वायू कमी केला तरी अडणाऱ्या उष्णतेत फारसा फरक पडत नाही. झालं, विषय मिटला, असं पुढची कित्येक दशकं अनेक जाणकार मानत होते. चूक नळीत नव्हती. वातावरण म्हणजे एक नळी, हे गृहीत धरण्यात होती.

यासाठी रंगाचा टब सोडून चादरीकडं यावं लागतं. थंडीत एक जाड चादर पांघरली, तिनं अंगाची ऊब अडवली. आता तिच्यावर दुसरी घातली तर ती फुकट जाते का? नाही जात. पहिली चादर स्वतः गरम होते आणि ती ऊब पुढं ढकलते. दुसरी ती अडवते. ऊब खोलीत निसटते ती सगळ्यांत वरच्या चादरीच्या पाठीवरून. वातावरणातही उष्णता थराथरानं वर सरकते आणि जिथं हवा पुरेशी विरळ होते तिथून अवकाशात सुटते. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही सुटायची जागा आणखी वर जाते. वर थंडी जास्त, आणि थंड वस्तू उष्णता कमी सोडते. मग येणाऱ्या-जाणाऱ्या उष्णतेचा मेळ बसेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. मामांची शेड एका जागी थांबते. ही थांबत नाही, मंदावते: वायू दुप्पट झाला की एक पायरी, पुन्हा दुप्पट झाला की तेवढीच दुसरी.

"आणि सूर्यच जास्त तापत असला तर?" हे मामींनी विचारलं, वांग्याच्या भरताला फोडणी देता देता. त्याचं उत्तर छोटं आहे. 1978 पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजताहेत, ती वाढलेली नाही. शिवाय सूर्यामुळं तापलं असतं तर वातावरण खाली-वर दोन्हीकडं तापायला हवं होतं. प्रत्यक्षात खालचा थर तापलाय आणि वरचा, स्थितांबर, थंड झालाय. पांघरूण जाड झाल्याची याहून चांगली खूण नाही.

तापमापीबद्दलची शंका मात्र मला नेहमीच वजनदार वाटत आली आहे. मामा म्हणाले, "गावं वाढली, डांबर वाढलं, भोवती बिल्डिंगा आल्या. तापमापी तिथंच. आकडा वाढणारच." बरोबर आहे. मे महिन्यात रात्री दहा वाजता नवी पेठेतून निघून हिप्परग्याच्या तळ्याकडं स्कूटर काढा, फरक गालाला कळतो. हीच शंका बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना होती. त्यांनी जगभरच्या ठाण्यांच्या नोंदी नव्यानं गोळा केल्या, शहरी ठाणी आणि खेड्यांतली ठाणी वेगळी काढून तपासली. या कामाला काही पैसा कोळसा-तेलाच्या बाजूच्या कोक कुटुंबाच्या संस्थेकडूनही आला होता. निकाल तोच आला, जो आधीच्यांचा होता. 2012 मध्ये म्युलर यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीरपणे लिहिलं. उपग्रहांची गोष्ट याच्या उलटी. रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या उपग्रही आकड्यांत सुरुवातीची काही वर्षं तापमानवाढ जवळपास दिसतच नव्हती, आणि शंकेखोरांचा तो हुकमी पत्ता होता. 1998 मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की उपग्रह हळूहळू खाली घसरताहेत, ते गणितात धरलेलं नाही. उपग्रह दिवसाच्या कुठल्या वेळी मोजतो त्याप्रमाणे आकडे दुरुस्त करावे लागतात; पुढं 2005 मध्ये त्या दुरुस्तीतही आणखी एक चूक सापडली. दुरुस्त केल्यावर त्यांचेच आकडे वाढ दाखवायला लागले.

आता मामांच्या बाजूची गोष्ट. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती, तिच्या 2007 च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील असं एक वाक्य होतं. आपल्याकडचे भूशास्त्रज्ञ विजयकुमार रैना यांनी 2009 मध्ये सरकारी निबंधात सांगितलं की हिमनद्यांची वागणूक असं काही दाखवत नाही. त्यांची टिंगल झाली. जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीला ते वाक्य चुकल्याचं कबूल करावं लागलं. टिंगल करणाऱ्यांनी आधी वाक्याचा उगम तपासला असता तर बरं झालं असतं. पण यातून हिमनद्या धडधाकट आहेत असा निष्कर्ष काढणं म्हणजे दुसरं टोक. जुन्या अमेरिकन हेर-उपग्रहांचे फोटो आणि नवे फोटो ताडून 2019 मध्ये आलेल्या अभ्यासात 2000 ते 2016 या काळात बर्फ झिजायचा वेग त्याआधीच्या पाव शतकाच्या दुप्पट निघाला.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक यांचंही असंच फसलं. 1970 च्या दशकात कोट्यवधी लोक भुकेनं मरतील, असं भाकीत त्यांनी 1968 मध्ये केलं होतं. अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी 1980 मध्ये त्यांच्याशी पाच धातू टंचाईनं महागतात की स्वस्त होतात यावर दहा वर्षांची पैज लावली आणि जिंकली. अर्लिकना 576 डॉलर 7 सेंटचा चेक पाठवावा लागला. ब्योर्न लोंबोर्ग या डेन्मार्कच्या लेखकाचा युक्तिवाद याच वळणाचा: आपत्तींत मरणाऱ्यांची संख्या गेल्या शंभर वर्षांत खूप घटली आहे, मग घबराट कशाला? घटली आहे, हे खरंच. 1876-78 च्या दुष्काळानंतर आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या शिरगणतीत कमी भरली होती. 1972 मध्ये पाऊस तसाच गेला, पण मामा बांधावर खडी फोडत होते, हातात रोजगार आणि पोटात सुकडी होती. आधीसारखी माणसं मेली नाहीत ती दुष्काळ सौम्य होता म्हणून नव्हे. कुणीतरी आधी घाबरून कामं काढली होती, धान्य आणलं होतं.

पुराचं मी जपून बोललो. ऑक्टोबर 2020 चा पाऊस, सप्टेंबर 2025 चा सीना नदीचा पूर, प्रत्येक पुराच्या माथ्यावर 'हवामान बदल' असा शिक्का मारता येत नाही. एवढंच सांगता येतं की हवा एक अंशानं तापली की ती साधारण 7 टक्के जास्त वाफ धरते, आणि धरलेली वाफ कुठंतरी उतरते.

"पण आपल्याकडं कमी तापलंय म्हणे," मामा म्हणाले. हेही त्यांचं बरोबर. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालात 1901 ते 2018 मध्ये भारताचं सरासरी तापमान 0.7 अंशानं वाढल्याचं दिलं आहे. जगाची वाढ यापेक्षा जास्त आहे. कारणं दोन सांगितली जातात. धूर-धुळीचे बारीक कण ऊन परतवतात, आणि ओलिताखालची शेती माठासारखी काम करते, पाणी उडतं आणि गारवा राहतो.

मामांनी बांधापलीकडं हात केला. तिथं पुरुषभर ऊस उभा होता. "म्हणजे हा आमचा कूलर. आणि वरून नासानं फोटो काढलेत, पृथ्वी हिरवी होत चाललीय म्हणून. वाचलंय मी."

मीही वाचलंय. 2000 ते 2017 च्या उपग्रह-चित्रांवरून केलेला अभ्यास आहे, 2019 मध्ये आला. जगातलं पानांखालचं क्षेत्र 5 टक्क्यांनी वाढलं, आणि त्यात चीन आणि भारत सगळ्यांत पुढं. फक्त पुढची ओळ फॉरवर्डमध्ये गळते: भारतातल्या या हिरवाईतला 82 टक्के वाटा शेतीचा आहे, जंगलाचा 5 टक्केही नाही. उपग्रहाला पान दिसतं, त्या पानाला पाणी कुठल्या बोअरमधून आलं ते दिसत नाही.

हुरडा आटोपल्यावर आम्ही रानाच्या वरच्या अंगाला गेलो. तिथं मुरूम वर आलेला, गुडघ्याएवढं वाळलेलं कुसळी गवत, मधेच एखादी बोर. मामा वाकले. गवताच्या बुडाशी काळवीटाच्या लेंड्या होत्या, ताज्या. असल्याच माळरानासाठी 1979 मध्ये इथं माळढोक अभयारण्य झालं, 8,496 चौरस किलोमीटरचं. पुढं ते 1,222 वर आणलं गेलं. माळढोकाला झाडी नको असते, ऊस नको असतो, त्याला लांबवर दिसणारं उघडं गवत लागतं. आता देशभरात मिळून दीडशेच्या आसपास पक्षी राहिलेत. मामांनी लहानपणी इथं तो पाहिलाय, चालताना मान ताठ ठेवून, "शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा".

"तुझ्या त्या फोटोत हे कुठल्या रंगात येतं?" त्यांनी विचारलं.

"जानेवारीत? तपकिरी."

"आणि ऊस?"

"गर्द हिरवा."

मामांनी मफलर सोडून खांद्यावर टाकला आणि मागं येणाऱ्या सोयऱ्यांना हाक मारली. या तुकड्याला सातबाऱ्यावर काय लिहिलंय, असं विचारलं.

"पोटखराबा," ते म्हणाले. "पाइपलाइन झाली की इथंपण ऊसच लावणार."