मिदी कालव्याकाठची सायकलवाट

फ्रान्सच्या दक्षिणेत तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्रालगतच्या ‘तो’ या खाऱ्या सरोवरापर्यंत जाणाऱ्या मिदी कालव्याच्या काठाने, बहुतांश मोटारविरहित आणि बऱ्याच भागात कच्च्या वाटेने केला जाणारा सायकलप्रवास. कालव्याची लांबी सुमारे २४० किमी. आहे. पूर्वेकडचा अर्धा प्रवास मिनेर्व्हुआ आणि बेझिए परिसरातील द्राक्षमळ्यांमधून होतो. अटलांटिक किनारा आणि भूमध्य समुद्र यांना जोडणाऱ्या ‘दोन समुद्रांचा कालवा’ या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचा हा पूर्वेकडचा भाग होय.

ही वाट सायकलसाठी बांधलेली नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय तिचे गुणही कळत नाहीत आणि दोषही. कालव्यातल्या बोटी घोडे ओढत, आणि घोड्यांना चालायला काठाला लागून सलग पट्टा लागे. घोड्यांनी ओढलेल्या प्रवासी बोटीला तुलूझहून समुद्रापर्यंत पोहोचायला सुरुवातीच्या काळात चार दिवस लागत. आज सामान असलेला सायकलस्वार रमतगमत निघाला तर साधारण तेवढेच दिवस घेतो. बोर्दो ते सेत हा लोहमार्ग १८५७ मध्ये सुरू झाला आणि कालव्यावरची वाहतूक ओसरू लागली. पुढे बोटींना इंजिने आली, घोडे गेले, वाट मात्र राहिली.

कालवा खोदवला तो प्येर-पोल रिके (१६०९–१६८०) यांनी. ते मिठावरील कर वसूल करणारे अधिकारी होते, शिक्षणाने अभियंते नव्हते. चौदाव्या लुईने १६६६ मध्ये या कामाला मंजुरी दिली. १६८१ मध्ये कालवा खुला झाला, पण रिके त्याच्या काही महिने आधीच वारले होते. १९९६ मध्ये युनेस्कोने कालव्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. रिके यांच्यापुढचा खरा प्रश्न खोदाईचा नव्हता, तर मधल्या उंचवट्यावर पाणी आणायचे कुठून, हा होता. नोरूझ येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मी. उंचीवर, जलविभाजक आहे: इथून पश्चिमेला वाहणारे पाणी अटलांटिककडे जाते आणि पूर्वेला वाहणारे भूमध्य समुद्राकडे. मोंतान्य न्वार या डोंगररांगेतले ओढे अडवून, सें-फेरेओलच्या धरणात साठवून, चरांवाटे ते पाणी नोरूझला आणले गेले. त्यांतल्या एका चराच्या काठानेही आज सायकल चालवता येते, आणि वेळ असेल तर हा फाटा चुकवू नये. पाणी कुठून येते ते पाहिले की सगळा कालवा समजतो.

सायकलस्वाराला या रचनेचा थेट लाभ मिळतो. कालव्याचे पाणी आडवेच राहणार. उतरायचे ते जलपाशाशी, म्हणजे दोन दरवाजांमध्ये पाण्याची पातळी कमीजास्त करून बोट वरखाली नेणाऱ्या कोठ्याशी. नोरूझपासून समुद्र सुमारे १९० किमी. दूर आहे आणि तेवढेच मीटर खाली. म्हणजे किलोमीटरला सरासरी एक मीटर उतार, आणि तोही सलग नाही, प्रत्येक जलपाशाजवळ छोट्या घसरणीच्या रूपात. हे जलपाश वरून पाहिले तर लंबगोल दिसतात. सुरुवातीच्या बांधकामात एका जलपाशाची सरळ भिंत मागच्या मातीच्या दाबाने कोसळली होती. त्यानंतर रिके यांनी भिंतींना बाक दिला, जेणेकरून आडवी ठेवलेली कमान जशी भार पेलते तशी ती मातीचा दाब पेलेल.

चढ नसला तरी वारा आहे. काठावरचे लोक वाऱ्यांना नावानेच ओळखतात. नोरूझच्या पश्चिमेला आग्नेयेकडून येणारा ओतां जोर करतो. पूर्वेला, ओद नदीच्या खोऱ्यात, वायव्येकडून सेर सुटतो, आणि कार्कासोनहून समुद्राकडे निघालेल्याच्या पाठीशी तो असला तर दिवस सोपा जातो. म्हणूनच अनेकजण तुलूझहून निघून पूर्वेकडे जाणे पसंत करतात. उलट दिशेने याच वाऱ्यात सपाट वाटही घाटासारखी दमवते.

वाटेचा पृष्ठभाग सर्वत्र सारखा नाही. तुलूझपासून नोरूझच्या अलीकडे सुमारे ५० किमी. डांबरी पट्टा आहे, त्यावर कोणतीही सायकल चालते. ओद जिल्ह्यात शिरले की डांबर संपते. काही टप्पे आता बारीक खडी दाबून चांगले केले आहेत, तर काही ठिकाणी अजून गवतातून जाणारी, एका चाकापुरती मळलेली रेघ एवढीच वाट आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बांधाचा उतार. त्यात काठावरच्या प्लेन (चिनाराच्या जातीच्या) वृक्षांची मुळे मनगटाएवढी जाड होऊन वाटेला आडवी येतात. कोरड्या दिवशी ती हँडल हादरवतात आणि पावसात चाक त्यांवरून थेट पाण्याकडे घसरते. अरुंद टायरच्या रेसिंग सायकलीचा इथे निभाव लागत नाही. ३५ ते ४५ मिमी. रुंदीचे, फार टणक न भरलेले टायर असलेली ग्रॅव्हल सायकल (कच्च्या, खडीच्या वाटांसाठीची सायकल) या वाटेला सर्वांत योग्य. वाट नेहमी एकाच काठाने जात नाही. मधूनमधून दगडी पुलावरून पलीकडे जावे लागते, आणि चुकीच्या काठावर राहिलेल्याची वाट झुडपांत संपते.

आर्जांच्या जलपाशापासून बेझिएजवळच्या फोंसेरानपर्यंत ५४ किमी. अंतरात एकही जलपाश नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण मार्गातला हाच भाग सर्वोत्तम. पाण्याची पातळी न बदलता एवढे अंतर कापायचे तर टेकड्यांना वळसे घालत एकाच उंचीवरून जावे लागते, त्यामुळे कालवा इथे सापासारखा वळतो. समोर दिसणारे गाव अर्ध्या तासानेही समोरच असते, फक्त दुसऱ्या बाजूने. डोंगराकडच्या अंगाला द्राक्षवेली डोळ्यांच्या पातळीवर असतात, तर बांधाच्या खालच्या अंगाला वेलींच्या रांगा वरून पाहता येतात. ल सोमाय आणि कापेस्तां ही गावे याच भागात. पुढे मालपासचा बोगदा लागतो. ठिसूळ वालुकाश्माची टेकडी पोखरून १६७९-८० च्या सुमारास तो काढला. बोटींच्या वाहतुकीसाठी खोदलेला हा युरोपातला पहिला बोगदा. सायकलची वाट टेकडीवरून जाते. तिथून मोंतादीचे तळे दिसते. तेराव्या शतकात पाणी काढून कोरडे केलेल्या या तळ्याची शेते आजही चाकाच्या आऱ्यांसारखी मध्याकडे निमुळती होत जातात.

द्राक्षमळे आणि कालवा शेजारी आहेत, हा निव्वळ योगायोग नाही. दूरची बाजारपेठ कालव्याने जवळ आणली आणि पिंपे भरभरून वाइन बोटींवर चढू लागली. याच काठावरच्या आर्जेलिये गावातून ११ मार्च १९०७ रोजी ८७ द्राक्ष उत्पादक नार्बोनला निघाले. पडलेले भाव आणि साखर घालून बनवलेली भेसळीची वाइन यांविरुद्धचा तो निषेध होता. त्यांचे पुढारी होते गावात कॅफे चालवणारे मार्सेलें आल्बेर. जूनमध्ये मोंपेलिये येथे लाखोंचा जमाव उतरला. आजच्या शांत मळ्यांतून जाताना ही माणसे आठवावीत.

काठावरच्या प्लेन वृक्षांची संख्या एकेकाळी सुमारे ४२,००० होती. बहुतेक झाडे एकोणिसाव्या शतकातली. मुळांनी काठ धरून ठेवणे आणि सावलीने बाष्पीभवन कमी करणे, ही त्यांची कामे. २००६ मध्ये कालव्यावर एका बुरशीजन्य रोगाचा शिरकाव आढळला. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून फ्रान्समध्ये आली, असे मानले जाते. लागण झालेले झाड काही वर्षांतच वाळते. शेजारच्या झाडांची मुळे जमिनीखाली एकमेकांत गुंतलेली असतात, आणि पाणी व बोटींच्या घर्षणानेही रोग पुढे सरकतो. तोडून जागेवर जाळणे हाच उपाय उरल्याने निम्म्याहून अधिक झाडे गेली. त्यांच्या जागी तुर्की ओकसह निरनिराळ्या जाती लावल्या जात आहेत, म्हणजे एकाच रोगाने पुन्हा सगळे काठ उजाड होऊ नयेत. ही रोपे मोठी होईपर्यंत मैलोन्‌मैल ऊन अंगावर घ्यावे लागते. जुनी छायाचित्रे पाहून निघालेल्यांना हे आधीच माहीत असलेले बरे. जुलै-ऑगस्ट टाळून वसंतात किंवा द्राक्षतोडीच्या सुमारास निघावे, आणि पाणी गावातच भरून घ्यावे.

फ्रान्सच्या वाहतूक नियमांत २००४ पासून ‘हरित मार्ग’ हा स्वतंत्र प्रकार आहे. तो मुख्यतः पादचारी, घोडेस्वार आणि इंजिन नसलेली वाहने यांच्यासाठी असतो. कालव्याची सगळी वाट या प्रकारात मोडत नाही. कच्च्या टप्प्यांवर देखभालीची आणि मळ्यांकडे जाणारी वाहने अधूनमधून भेटतात.

फोंसेरानला पायऱ्यांसारखे एकाखाली एक जलपाश आहेत आणि वाट त्यांच्या शेजारून बेझिएत उतरते. इथून पुढे वेली विरळ होतात आणि हवेला मिठाचा वास येतो. आग्द येथे तीन दरवाजांचा गोल जलपाश आहे. तिसरा दरवाजा एरो नदीकडे उघडतो. लेझोंग्लूला छोटा दीपस्तंभ दिसतो. तिथे कालवा ‘तो’ सरोवराला मिळतो.