जैविक आवरणे

सजीवाचे शरीर, त्यातले एखादे इंद्रिय किंवा अंडे, बी यांना वेढून राखणाऱ्या थरांना आवरणे म्हणतात. त्वचा, खवले, शिंपला, साल, टरफल, करवंटी आणि शरीराच्या आतली पातळ पटले ही सगळी त्यांत मोडतात. आवरणाचे काम नुसते अडवण्याचे नाही. आतला जीव वाढतो, हलतो, श्वास घेतो. त्याच्या आड येऊन चालत नाही. हा पेच कोणी कसा सोडवला हे पाहायला मुंबईत मासळी बाजारासारखी जागा नाही.

चिंबोरीचे, म्हणजे खेकड्याचे, कवच कायटिन हा चिवट पदार्थ आणि कॅल्शियम कार्बोनेट यांचे असते. कडक झाले की ते वाढत नाही, म्हणून चिंबोरी कात टाकते. जुन्या कवचाखाली नवे, मऊ कवच तयार होते. जुने मागच्या बाजूला उकलते आणि डेंगे, पाय सोडवून घेत ती मागे सरकत बाहेर पडते. लगेच भरपूर पाणी शोषून फुगते, म्हणजे नवे कवच मोठ्या मापाचे घट्ट होते. तोवर ती आडोशाला दडून असते. अशा चिंबोरीत पाणी जास्त, मांस कमी. म्हणूनच जाणते गिऱ्हाईक ती उलटी करून पोटाकडची बाजू अंगठ्याने दाबते: दबली तर पोकळ, नाही तर भरलेली. अमावस्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ असा ठोकताळाही आहे. पण निकाल अंगठ्याचाच.

तिसऱ्या या दोन शिंपल्यांत राहणाऱ्या जिवांना ही उठाठेव नाही. शिंपल्याच्या आतला प्रावार हा मांसल पडदा कडेकडेने नवा थर चढवत जातो. शिंपल्यावरच्या रेघा त्याच वाढीच्या.

कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. आत दोन पटले. घातलेले अंडे थंड होऊन आतला ऐवज आक्रसला की बोथट टोकाशी ती एकमेकांपासून सुटतात आणि मधे हवा साठते. उकडलेल्या अंड्याला त्या टोकाशी खळगा दिसतो तो यामुळे.

माणूसही कात टाकतो, फक्त हप्त्याहप्त्याने. बाह्यत्वचेच्या पेशी तळाशी जन्मतात, वर सरकता सरकता मरतात आणि साधारण महिन्याभरात झडून जातात. आतली आवरणे वेगळ्या जातीची. मेंदू व मेरुरज्जूभोवती तीन मस्तिष्कावरणे असतात. हृदय, फुप्फुसे आणि उदरातली इंद्रिये यांभोवतीची पटले दुपदरी असून पदरांमध्ये थोडा द्रव असतो. हृदयाभोवती १५ ते ५० मिलिलिटर. या वंगणामुळे इंद्रिये न घासता हलतात. फुप्फुसावरणाला सूज आली, तर खोल श्वास घेतानाही छातीत कळ येते.

वनस्पतींमध्ये पानावर मेणचट उपत्वचा असते. ठाणे खाडीच्या काठच्या तिवर या खारफुटीच्या झाडाची उपत्वचा जाड असते, पण तिवर नुसता अडवून थांबत नाही. मुळांना चुकवून वर आलेले मीठ तो पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी पान बोटाने पुसले, की पांढरी खर लागते. चव अर्थातच खारट.