कॅज्युअल्टीत अडकलेला पेशंट

डॉक्टरांनी पेशंट बघितला, आयसीयूत घ्यायचं ठरलं, केस पेपरवर तसं लिहूनही झालं, पण वर बेड रिकामा नाही म्हणून पेशंट तासन्तास, कधीकधी रात्रभर, खाली कॅज्युअल्टीतच (तातडीच्या विभागात) पडून राहतो त्याला कॅज्युअल्टीत अडकणं म्हणायचं. इंग्रजीत बोर्डिंग म्हणतात. आपल्याकडं वेगळं नाव नाही, सिस्टर म्हणतात "वर बेड झाला नाही अजून", आणि नातेवाईकांना काय ते कळतं.

लोकांना वाटतं की कॅज्युअल्टी तुंबते ती सर्दी-तापवाल्यांमुळं. तसं नाहीये, तो माणूस इंजेक्शन घेऊन थोड्या वेळात घरी जातो. खरी अडचण वरच्या मजल्यावर असते. आयसीयूतला सुधारलेला पेशंट बाहेर काढायचा तर वॉर्डात बेड नाही, वॉर्डातला घरी पाठवायचा तर मोठ्या डॉक्टरांचा राउंड व्हायचाय, राउंड झाला की बिल, सरकारी आरोग्य योजनेत बसत असेल तर आरोग्यमित्राकडचे (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्याकडचे) कागद, मग वॉर्डबॉय मामा येऊन बेड पुसणार, चादर बदलणार, तोवर दुपारचे तीन वाजतात आणि खाली सकाळी सातला आलेला माणूस अजून स्ट्रेचरवरच असतो.

नुसतं थांबायला लागतं एवढंच असतं तर चाललं असतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला आयसीयूत एका सिस्टरकडं एक, फार तर दोन असं धरतात, कॅज्युअल्टीत मात्र एकच सिस्टर कितीतरी जणांचं बघत असते, त्यात दारातून अॅक्सिडेंटची केस आली की सगळे तिकडं पळतात. मग बारीकसारीक गोष्टी सुटतात. डोक्याकडची बाजू तीसेक अंश वर ठेवणं, नळीतला कफ ओढणं, दर तासाला लघवी मोजणं. अँटिबायोटिकचा पहिला डोस वेळेत जातो कारण तो सगळ्यांच्या डोक्यात असतो, दुसरा राहून जातो, कारण खालच्यांना वाटतं वर गेल्यावर देतील आणि वरच्यांचा तो पेशंट अजून झालेलाच नसतो.

अमेरिकेतल्या ५०,३२२ आयसीयू पेशंटांचा एक अभ्यास २००७ साली आला, त्यात सहा तास किंवा जास्त अडकलेल्यांपैकी १७.४ टक्के हॉस्पिटलमध्येच दगावले, लवकर वर गेलेल्यांपैकी १२.९ टक्के. सगळा दोष थांबण्याचाच असं यावरनं ठामपणे म्हणता येत नाही, पण २०२२ साली इंग्लंडच्या आकड्यांतही तसंच दिसलं, वॉर्डात जायला सहा ते आठ तास लागले तर दर ८२ पेशंटांमागं एक जादा मृत्यू. तिथं २००४ पासून पेशंट चार तासांत कॅज्युअल्टीतनं हलवायचं टार्गेट आहे (पाळलं जात नाही ती गोष्ट वेगळी). मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलनं २०१५ साली कॅज्युअल्टीला लागूनच छोटं आयसीयू काढलं. आपल्याकडं कॅज्युअल्टीचं शास्त्र स्वतंत्र विषय म्हणून मान्य झालं २००९ साली, म्हणजे तशी कालचीच गोष्ट. १९९६ साली पश्चिम बंगालच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकारी दवाखान्यानं तातडीचे उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग. तो माणूस ट्रेनमधून पडला होता आणि एकामागून एक सरकारी दवाखाने बेड नाही म्हणून त्याला परत पाठवत होते.

कोल्हापुरात हे जास्त जाणवतं कारण सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याला, जिल्ह्यासोबत सिंधुदुर्ग, रत्नागिरी, निपाणीकडनंही लोक येतात, खाजगीतही तेच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला तेव्हा पुढं पुण्याला रेफर करायची वाटही बंद झाली. व्हेंटिलेटर बरेच दिवस अडवणाऱ्या केसेसही इथं कमी नाहीत, शेतातलं औषध पिलेले आणि मण्यार चावलेले. मण्यार रात्री भुईवर झोपलेल्याला चावते, सूज नाही, फारसं दुखत नाही, पहाटे पापण्या जड होतात, मग श्वास.

आमच्या भावकीतल्या एका काकांचं असंच झालं. गगनबावड्याकडच्या वाडीतनं रात्री दोनला निघाले, पहिल्या दवाखान्यात सापाची लस मिळाली पण व्हेंटिलेटर नव्हता, दुसऱ्या ठिकाणी घशात नळी घातली पण बेड नव्हता, तिसऱ्या ठिकाणी सातला पोचले आणि तिथंही मशीन मोकळं होईपर्यंत दोन पुतणे आलटून पालटून अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत बसले, पाच-सहा सेकंदाला एकदा, मनात आकडे मोजत. एकाचा अंगठा नंतर दोन दिवस वळत नव्हता. बेड साडेदहाला झाला. काका बचावले, आता खाटेशिवाय झोपत नाहीत.

तिन्ही केस पेपर काकूंनी ट्रंकेत जपून ठेवलेत, तिन्हींवर आल्याची वेळ वेगळी, कारण प्रत्येक ठिकाणी घड्याळ नव्यानं सुरू होतं. शेवटच्या पेपरवरनं बघितलं तर काका साडेतीन तास थांबले, घरातनं निघाल्यापासून धरलं तर साडेआठ.