इलेक्ट्रॉनची लाट कशाची?

समुद्राच्या लाटेत पाणी हलतं, आवाजात हवा थरथरते, निवडणुकीच्या लाटेतसुद्धा निदान मतदार असतात. लाट आहे म्हणजे ती कशाची तरी असणार, हे आपण धरूनच चालतो. पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) शिकताना घोडं अडतं ते इथेच.

इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते, असं फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई द ब्रॉग्ली यांनी १९२४च्या प्रबंधात मांडलं. तीन वर्षांत प्रयोगांनी ते खरं ठरवलं. (इलेक्ट्रॉन हा कण शोधणारे जे. जे. थॉमसन; तो तरंगासारखा वागतो हे दाखवणाऱ्यांत त्यांचाच मुलगा. नोबेल दोघांनाही मिळालं!)

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये केलेला, १९८९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. विद्युतभारित बारीक तारेच्या दोन्ही बाजूंनी वाट मोकळी ठेवून त्यांनी इलेक्ट्रॉन सोडले, तेही इतके विरळ की उपकरणात एका वेळी बहुधा एकच असे. पडद्यावर प्रत्येकाचा एकच ठिपका उमटे. अर्धा इलेक्ट्रॉन इथे, अर्धा तिथे, असं कधीच झालं नाही. सुरुवातीला ठिपके कसेही विखुरलेले दिसले. हजारो साठले, तेव्हा त्यांतून उजळ-काळे पट्टे उभे राहिले, दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर उमटतात तसे.

एकेकटा आलेला इलेक्ट्रॉन मिसळला कोणाशी? भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांनी १९२६मध्येच उत्तर देऊन ठेवलं होतं: ही लाट पदार्थाची नाही, तिच्या उंचीचा वर्ग म्हणजे इलेक्ट्रॉन तिथे सापडण्याची संभाव्यता. पण मग सरळ संभाव्यतेचीच बेरीज का करू नये? कारण संभाव्यता कधी ऋण नसते, दोन मिळून ती वाढेल, शून्य होणार नाही. लाटेला मात्र चढ असतो तसा उतारही असतो; दोन वाटांनी आलेल्या लाटांत एकीचा चढ दुसरीच्या उतारावर आला, की दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून एकच वाट उघडी असताना जिथे इलेक्ट्रॉन पोचतो, त्यातल्या काही जागी दुसरी वाट उघडताच तो पोचेनासा होतो.

तरीही ही लाट आपल्या भोवतालच्या अवकाशातच पसरत असेल, असं वाटतं. एका इलेक्ट्रॉनपुरतं ते चालून जातं. पण प्रत्येक इलेक्ट्रॉनची जागा सांगायला तीन आकडे लागतात. म्हणून दोन घेतले की श्रोडिंगरच्या समीकरणातली (ही लाट कशी बदलते ते सांगणारं हे समीकरण) लाट सहा मितींत जाते, तीन घेतले की नऊ. प्रत्येकाला वेगळी लाट मिळत नाही; सगळ्यांची मिळून एकच असते. स्वतः श्रोडिंगरना इलेक्ट्रॉनची लाट खऱ्याखुऱ्या अवकाशात पसरलेली हवी होती. त्यांच्याच समीकरणाने ते होऊ दिलं नाही.