उमेदवाराला बोलतं करणारं कोल्हापूर

विधानसभेचा अर्ज भरताना उमेदवार जे शपथपत्र जोडतो ते कुणीही वाचू शकतो. सोनं किती तोळे, ट्रॅक्टर किती, कर्ज कुठलं, गुन्हे किती, शिक्षण काय, हे सगळं त्यात असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे मतदाराला हा हक्क मिळाला आणि तो मोठा आहे. पण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीबद्दल या माणसाचं मत काय, उसाचा पैसा एकरकमी द्यावा असं त्याला वाटतं का, शहराची हद्द वाढावी का, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. उमेदवाराने आपली भूमिका लिहून द्यावी असं कुठलाही कायदा सांगत नाही. कोल्हापुरात ही रिकामी जागा बरीच वर्षं चळवळींनी भरली. म्हणून इथल्या उमेदवारांच्या भूमिका समजून घ्यायच्या तर जाहीरनामे चाळण्याआधी आंदोलनं आठवावी लागतात.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. तोवर इथल्या माणसाने धोरण म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहिलं होतं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखल्या, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. प्रत्येक गोष्टीला आकडा होता, तारीख होती, जागा होती. आज प्रत्येक पक्षाचा उमेदवार भाषणाची सुरुवात शाहूंच्या वारशाने करतो. त्या वारशातला हा नेमकेपणा मात्र फार थोडे उचलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत इथं शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा जोरात होता. १९५७ ची निवडणूक तर एकाच प्रश्नावर लढली गेली: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा की द्विभाषिक राज्य चालेल? सीमाभाग उंबऱ्याशी असल्यामुळे इथं तो प्रश्न घरातला होता, निपाणी-बेळगावात लेक दिलेली घरं गल्लोगल्ली होती. उमेदवाराला मधलं उत्तर देऊन सुटता येत नव्हतं. पुढे १९८५ मध्ये प्रा. एन. डी. पाटील याच पक्षातर्फे कोल्हापुरातून विधानसभेवर गेले. पक्ष तोवर ओसरू लागला होता, पण बिंदू चौकात उभं राहून 'आमचं म्हणणं हे आहे' असं सांगायची रीत त्या पिढीने लावली होती.

दुसरीकडे सहकार वाढत होता. साखर कारखाना, गोकुळ दूध संघ, जिल्हा बँक यांतून माणसं विधानसभेकडे निघाली. जिल्ह्यात पक्षापेक्षा गट मोठा झाला तो इथंच. ज्याच्या हातात कारखाना, तोच उमेदवार. मग ऊसदराबद्दल त्याने बोलायचं कुणाच्या बाजूने? चेअरमन म्हणून पैसे हप्त्याने द्यायला तो राजी असतो, आमदारकीला उभा राहिला की शेतकऱ्याला एकरकमी कबूल करतो. ही अडचण शेतकरी संघटनेच्या आंदोलनांनी चव्हाट्यावर आणली. २००४ मध्ये शिरोळमधून राजू शेट्टी अपक्ष निवडून आले, तेव्हा ऊसदराची भूमिका हीच उमेदवाराची ओळख झाली. जयसिंगपूरची ऊस परिषद दर हंगामाआधीची हजेरीच बनली. केंद्राने २००९ मध्ये उसाच्या किमान वैधानिक दराऐवजी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आणली. राज्य सरकारने २०२२ मध्ये ती दोन टप्प्यांत द्यायला परवानगी दिली, आणि तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केला. या सगळ्या काळात कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं, हे शिरोळ-हातकणंगल्यातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे.

टोलची गोष्ट तर अजून ताजी आहे. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते २२० कोटींच्या प्रकल्पात खासगीकरणातून करायचे आणि शहरात येणाऱ्या वाटांवर ३० वर्षं टोल घ्यायचा, असा करार झाला. करार होताना फारसं कुणी बोललं नाही. नाके उभे राहिले तेव्हा शहर उठलं. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे पुढे होते. वय आणि आजार बाजूला ठेवून एन. डी. सर मोर्चात चालत, आणि 'देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही' ही घोषणा पेठेतली पोरंसोरं खेळतानाही देत. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभा होती, आणि टोलच्या बाजूने उभा राहील असा उमेदवार शहरात शोधून सापडला नसता. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द झाल्याची घोषणा केली. ती ऐकायला पानसरे नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळी फिरायला गेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले.

टोलच्या लढ्यात शत्रू एक होता, म्हणून भूमिका घेणं सोपं होतं. पाण्याचं तसं नाही. इचलकरंजीच्या नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. पंचगंगा दूषित, म्हणून आधी वारणेचं पाणी आणायचं ठरलं. दानोळी आणि वारणाकाठ आडवा आला. मग दूधगंगेवरून सुळकूड योजना पुढे आली, तर कागलकर आणि दूधगंगाकाठ उभा राहिला. इथं एकाच आघाडीचे दोन उमेदवार, एकाच आठवड्यात, एकाच योजनेबद्दल नेमकं उलट बोलतात, आणि दोघांचेही मतदार त्यांना टाळ्या देतात. मी यात कुणाला खोटं म्हणणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की दोघांतला कुणीही समोरच्या काठावर जाऊन तिथल्यांशी बोलत नाही.

हद्दवाढीचंही तेच. नगरपालिकेची महानगरपालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी झाली आणि त्यानंतर कितीतरी प्रस्ताव गेले, पण २०१७ पर्यंत शहराची हद्द होती तिथंच राहिली. त्या वर्षी हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं विकास प्राधिकरण आलं. कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात शहराचे प्रभागही आहेत आणि उचगाव, पाचगाव, कळंब्यासारखी गावंही. एका प्रचारात मी एकाच संध्याकाळी दोन कोपरा सभा ऐकल्या. पहिली शहरातल्या मैदानाशेजारी. उमेदवार म्हणाले, शहर वाढल्याशिवाय निधी येणार नाही. तासाभराने गावच्या मारुती मंदिरासमोर, गळ्यात तोच हार, आणि वाक्य होतं, गावाला विचारल्याशिवाय एक इंचही जाऊ देणार नाही. दोन्हीकडे लोक माना डोलवत होते. त्या रात्रीपासून मी वही घातली: तारीख, जागा, वाक्य.

मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापुरात हवं, या मागणीबद्दल त्या वहीत फारसं काही नाही. वकिलांनी चार दशकं लढा दिला, १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांसाठी सर्किट बेंचचं काम सुरू झालं, आणि प्रत्येक उमेदवार प्रत्येक वेळी बाजूनेच होता. महापुराची पानं मात्र भरलेली आहेत. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोका पातळी. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. कर्नाटकला अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटरपर्यंत न्यायची आहे, त्याला विरोध करायला सगळे तयार. पण पूररेषेतल्या आपल्याच बांधकामांचा विषय निघाला की आवाज खाली येतो.

भूमिका अशी निसटती राहण्याला आणखी एक कारण आहे, ते उमेदवाराच्या हाताबाहेरचं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहात व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, आला की आमदाराचं स्वतःचं मत उरत नाही. त्याने प्रचारात दिलेला शब्द आणि सभागृहात दिलेलं मत यांत पक्ष उभा असतो. म्हणून प्रश्न विचारताना 'तुमचं मत काय' इतकं पुरत नाही. 'पक्षाने उलट ठरवलं तर काय कराल' हेही विचारावं लागतं.

वहीतलं शेवटचं मोठं पान शक्तिपीठ महामार्गाचं आहे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, १२ जिल्हे, आणि आपल्याकडे शिरोळपासून आजऱ्यापर्यंत बागायती जमीन. शेतकरी रस्त्यावर आले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, आचारसंहितेच्या तोंडावर, कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. २० नोव्हेंबरला मतदान झालं, करवीरमध्ये तर जवळपास ८५ टक्के. जिल्ह्यातल्या दहा जागांपैकी महाविकास आघाडीला एकही मिळाली नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने महामार्गाला मंजुरी दिली. प्रचारातल्या सभांची वाक्यं, तारखेसकट, माझ्याकडे आहेत. पुढच्या वेळी आमच्या कोपऱ्यावर मांडव पडला की ती मी उमेदवारांसमोरच वाचून दाखवणार आहे.