शाब्ली, कालवं आणि एका शब्दाचं भांडण

शाब्ली म्हणजे फ्रान्सच्या बरगंडीतल्या शाब्ली गावाच्या परिसरातली पांढरी वाइन. तिच्याबरोबर काय खायचं विचारलं की कुणीही कालवं म्हणणार आणि ते बरोबरच आहे, पण या वाइनचं कालवांशी नातं ताटाच्या आधी जमिनीत आहे, आणि त्या जमिनीवरूनच तिथे शेतकऱ्यांमध्ये दोन तट पडले.

जुनं थोडक्यात सांगतो. १११४ मध्ये जवळच पोंतिन्यीला मठ झाला, तिथल्या साधूंनी मळे वाढवले, पुढे माल जवळच्या ऑक्सेर शहरातून होडीने पॅरिसला जायचा. मग रेल्वे आली, दक्षिणेची स्वस्त वाइन पॅरिसात पोचली, पाठोपाठ द्राक्षवेलींची मुळं पोखरणारी फिलॉक्सेरा कीड, आणि वर एप्रिलातलं दहिवर, म्हणजे कोवळ्या कळ्या गोठवणारी थंडी. १९५० च्या दशकात लागवड कशीबशी ५०० हेक्टर उरली होती. तग धरायला मदत केली ती १९२३ साली शेतकऱ्यांनीच काढलेल्या सहकारी संस्थेने, आज शाब्लीतली साधारण पाव वाइन तिच्याकडून येते. सभासद द्राक्षं नाही, घरी पिळलेला रस आणून घालतात, डेअरीत दूध घालावं तसं.

आता मुख्य मुद्दा. १९३८ मध्ये नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा भर होता किमरिजियन मातीवर. म्हणजे साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा चुनखडी-चिकणमातीचा थर. उतारावरचा दगड उचलून उन्हात धरला तर स्वल्पविरामासारखे बारीक वळलेले शिंपले दिसतात, नखाएवढे, खच्चून भरलेले, आणि ते कालवांच्याच जातीचे. वरच्या पठारावरचा थर पोर्टलँडियन, जास्त कडक, तिथली वाइन १९४४ पासून मुख्यतः पेती शाब्ली, म्हणजे साध्या शाब्लीच्या खालची पायरी. गंमत म्हणजे दोन्ही नावं इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरची, आणि भूगर्भवाले आता पोर्टलँडियन म्हणतही नाहीत, टिथोनियन म्हणतात.

सत्तरच्या दशकात हा मातीचा आग्रह सैल केला. एका गटाचं म्हणणं, उताराची दिशा आणि ऊन महत्त्वाचं, माती जवळपास सारखीच. दुसरा गट म्हणाला, मग नावात उरलं काय? पहिल्या गटाचं ऐकलं गेलं, मळे पसरले, आज साडेपाच हजार हेक्टरच्या वर आहेत. विस्तार झाला म्हणून गावं टिकली हे खरंच आहे, आणि शिंपल्यांची चव मुळांतून ग्लासात येते याला पुरावा नाही हेही खरं, पण चांगल्या उतारावरची आणि पठारावरची बाटली शेजारी शेजारी उघडा, पहिलीत तो खारट, ओल्या दगडासारखा शेवट लांबतो, दुसरी लिंबूसफरचंदावर थांबते. माझा कल कुठे आहे ते लपवत नाही.

दहिवराचं संकट मात्र संपलेलं नाही. रात्री पारा उतरला की मळ्यात शेगड्या पेटतात, नाहीतर कळ्यांवर पाणी फवारतात म्हणजे भोवती बर्फाचं कवच होतं आणि आतली कळी वाचते. २०२१ च्या एप्रिलात एवढं करूनही पीक फार गेलं.

खायचं म्हणाल तर पेती शाब्लीबरोबर गुजेर, म्हणजे चीज घातलेले भाजलेले फुगीर गोळे, गरम गरम. साध्या शाब्लीबरोबर कच्ची कालवं, वर लिंबू अगदी थोडं, कारण वाइनमध्येच आंबटपणा पुरेसा आहे. प्रीमिए क्रू, म्हणजे निवडक मळ्यांची वरच्या दर्जाची शाब्ली, असेल तर सायीच्या सॉसमधला मासा किंवा तिथलं शाब्ली घातलेलं हॅम, आणि बाटली फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, एकदम गार असेल तर तो दगडासारखा वास येतच नाही.